उदाहरणादाखल दिलेला नंबर

"हा नंबर आमच्या घरात कुणाचाच नाही."

चौकशी अधिकारी बाईंनी टेबलावरचं पत्र उचललं. त्यांच्याच रुग्णालयाने नातेवाइकांना पाठवलेलं होतं. यकृत मिळालं होतं. दोन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी, अकरा ते साडेअकरा, दिलेल्या नंबरावर तीनदा फोन केला. कोणी उचलला नाही. नियमाप्रमाणे यादीतल्या पुढच्या रुग्णाला बोलावलं. अकराव्या दिवशी पहिला रुग्ण गेला. सोबत अर्जाची प्रत. पहिल्या पानावर नंबर, दुसऱ्यावर रुग्णाच्या धाकट्या भावाची सही.

बाईंची ही त्रेपन्नावी फाईल. पहिल्या पाच-सहा फाइलींच्या वेळी त्यांना जेवण जात नसे. आता डबा वेळेवर संपायचा. काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

"नंबर सांगितला कोणी?"

"यांनी." समोर बसलेल्या विधवेने दाराशी उभ्या दिराकडे पाहिलंही नाही. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून उपचाराच्या काळात अख्खा मजला तिला वहिनीच म्हणू लागला होता. "सहा वर्षं भावाशी बोलले नाहीत. आजारपणात एकाएकी माया उतू गेली. उद्या आम्ही आमच्या देशात परत जातोय. त्याआधी चूक यांची, हे मला लेखी द्या. मी पोलिसांत जाणार आहे."

"मी दादाचाच नंबर सांगितला," दीर म्हणाला. "त्याचे हात थरथरायचे, म्हणून त्याचा फोन माझ्याकडेच असायचा."

"त्या मंगळवारी अकरा वाजता कुठे होतात?"

"खाली, बाकावर. फोन हातात धरून."

"वाजला?"

"नाही."

"सही करताना पहिलं पान वाचलंत?"

"त्यांनी बोट ठेवलं तिथे सही केली."

वरिष्ठांना संध्याकाळपर्यंत फाईल बंद हवी होती. 'नातेवाइकाने चुकीचा नंबर दिला' एवढं एक वाक्य पुरलं असतं. बाईंनी पेन उघडलंही. मग त्यांची नजर पुन्हा नंबरावर गेली. देशाचा आकडा सोडला तर पुढे दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, असे शिडीवर चढल्यासारखे आकडे. खोटा नंबर द्यायचा तर माणूस इतका नीटनेटका देत नाही.

त्यांनी तो लावून पाहिला. रिंग वाजत राहिली.

मग संगणकात तोच नंबर शोधला. अकरा रुग्ण निघाले. सगळे त्याच एका देशातून आलेले, नोंदी चार वेगवेगळ्या कारकुनांच्या. अकरा घरांचे अर्ज एक दीर काही भरत नाही. आणि त्या अकरांतले दहा जण जिवंत होते, यादीत होते, फोनची वाट पाहत होते.

बाई जेवण तसंच सोडून खाली नोंदणीच्या काउंटरवर गेल्या. तिथल्या ताई अंबाड्यात पेन खोचून काम करायच्या.

"हा नंबर तुम्ही टाकलात?"

"हो," ताई बिनदिक्कत म्हणाल्या. "सगळेच टाकतो."

"का?"

"त्यांच्या देशात गेल्या वर्षी नव्या मालिकेचे नंबर निघाले. खरा नंबर घातला की चौकट लाल होते, अवैध म्हणते. लाल असली की पुढचं पान उघडत नाही, आणि रांग तर जिन्यापर्यंत. चौकटीत फिकट अक्षरांत उदाहरणाचा नंबर दिसतो ना? तो घातला की लगेच हिरवी होते. आता तर आम्ही खरा घालूनही बघत नाही."

"आणि खरा नंबर?"

"छापलेल्या कागदावर उदाहरणाचा खोडून खरा लिहितो, पेनाने. सही त्यानंतरच घेतो. न चुकता."

"पण यकृत आल्यावर फोन करणारे कागद बघतात का?"

ताईंचा हात अंबाड्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. "ते संगणकावर बघत असतील," त्या हळूच म्हणाल्या. "संगणकवाल्या सरांना मी दोनदा लिहिलं होतं हो."

संगणक विभागाचे सर गोड बोलायचे. "नंबर तपासायला तयार लायब्ररी, म्हणजे आयता प्रोग्राम मिळतो, बाई. कुठल्या देशाचा नंबर किती आकडी, सुरू कशाने होतो, सगळे नियम तिच्यात असतात. उदाहरणाचा नंबरही तीच दाखवते. देश नव्या मालिका काढतात, तशी तिची नवी आवृत्ती येते."

"आपली ताजी आहे?"

"अगदी ताजी. हा बघा." त्यांनी त्या देशाचा एक नवा नंबर घातला. चौकट हिरवी झाली.

"ताजी कधीपासून?"

"नियमित बदलतो की." सरांनी स्वतःसाठी पाणी ओतलं आणि प्यायलं मात्र नाही.

बाई अभिलेख कक्षात गेल्या. अकरा मूळ अर्ज काढले. फायली नेणाऱ्यांची वही पाहिली. तिथल्या कारकुनाकडून एक पेन्सिल मागून घेतली.

चार वाजता त्यांच्या खोलीत वहिनी, दीर आणि सर बसले होते. ताई शेजारच्या खोलीत कागदांवरून एकेक खरा नंबर लावत होत्या. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत होता.

"दहा अर्जांवर पेनाची दुरुस्ती आहे," बाई म्हणाल्या. "अकरावा कोरा करकरीत. काउंटरवरचे दहादा लिहितील आणि एकदाच विसरतील, हेही मी मानलं असतं. पण याच्या दुसऱ्या पानाला स्टेपलची चार भोकं आहेत आणि पहिल्याला दोनच. म्हणजे पहिलं पान नंतर लावलंय."

त्या सरांकडे वळल्या.

"रुग्ण गेला की नाव यादीतून काढायला तुमच्याकडे येतं. त्या सकाळी तुम्ही नोंद उघडलीत, शिडीचे आकडे दिसले आणि काय झालं ते तुम्ही ओळखलंत. नऊ वाजून दहा मिनिटांनी नवी आवृत्ती घातलीत. संगणकात वेळ आहे. साडेनऊला ही फाईल नेलीत. वहीत तुमची सही आहे. तेव्हा कुणाची तक्रारही आली नव्हती, सर. मग घाई कसली होती?"

"एकदा नवी आवृत्ती घातली आणि अख्खं रुग्णालय दोन तास ठप्प झालं होतं," सर म्हणाले. "सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी निघाली. तेव्हापासून मी हातच लावत नव्हतो."

"तोवर तो हलगर्जीपणा होता. मग तुम्ही पान फाडून दोष यांच्या माथी मारलात. आणि उरलेले दहा? त्यांचे नंबर दुरुस्त केले असते तर माग राहिला असता, म्हणून सात आठवडे तसेच ठेवलेत. त्यांच्यापैकी कुणाची पाळी आली असती तर?"



बाईंनी अर्जाचं दुसरं पान वहिनींपुढे सरकवलं. त्यावर पेन्सिल आडवी धरून घासलेली होती. ताईंनी पहिल्या पानावर दाबून लिहिलेला नंबर खालच्या पानावर उमटला होता, दिराच्या सहीच्या वर, पांढऱ्या रेघांत.

वहिनींना तो तोंडपाठ होता. तरी त्यांनी आपला फोन काढला आणि पानावरून एकेक आकडा दाबला. शेवटच्या आकड्याला पडद्यावर नाव आलं: अहो.

दिराच्या खिशात फोन वाजू लागला.

"अजून चालू आहे?" वहिनींनी विचारलं. आवाज अगदी सपाट होता.

"रोज चार्ज करतो," दीर म्हणाला. "बंद करायला हात होत नाही."

फोन वाजतच होता. भिंतीपलीकडे ताई कुणाला तरी सांगत होत्या की नंबर आता बरोबर झालाय, काळजी करू नका. बाईंनी दुपारपासून तसाच पडलेला डबा झाकून बाजूला ठेवला; इतक्या वर्षांनी आज त्यांना जेवण जाणार नव्हतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

वहिनींनी फोन कापला नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "उचला."