दोनशे पाइन आणि लाल-पांढरी लोकर

आता जे सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू, तुमच्या बापांनीही ठेवला नव्हता. पण आपल्या तिसऱ्या स्की-उताराला मधेच जे वळण आहे ना, जिथे राजधानी सोफियाहून आलेले पाहुणे हमखास बुडावर आपटतात, ते कुठल्याही इंजिनियरनं काढलेलं नाही. ते लोकरीनं काढलंय.

नायदेन तेव्हा बर्फ सपाट करायचं यंत्र चालवायचा. बारा टनांचं धूड! मार्चातली एक पहाट. उतार दाबून तो खाली येत होता, तर वाटेत मधोमध ग्लुहार उभा. टर्कीएवढा काळा रानकोंबडा, शेपटीचा पंखा फुललेला. वसंतात हा माद्यांसाठी नाचायला लागला की गाण्याच्या ऐन भरात त्याला काही म्हणता काही ऐकू येत नाही. नायदेननं भोंगा वाजवला. कोंबड्यानं मान फुगवली आणि सरळ यंत्रावर चाल केली. बारा टनांचं यंत्र पार वरच्या खांबापर्यंत मागे सरलं. खोटं वाटतं? त्याच्या चोचीची खूण अजून आहे लोखंडावर.

"इंजिन बंद कर, येड्या!"

बर्फच ओरडला असं वाटलं. मग बर्फातून एक पोरगी उठली. राष्ट्रीय उद्यानाचं हिरवं जाकीट, गळ्यात दुर्बीण, पापण्यांवर हिमाचे कण... नायदेननं इंजिन बंद केलं. छातीतलं मात्र बंद होईना.

"त्याला तर ऐकूच येत नाही म्हणतात," तो पुटपुटला.

"त्याला नाही येत. माद्यांना येतं! उडाल्या सगळ्या. पहाटेपासून पालथी पडलेय मी, आणि तू वाजतगाजत आलास."

"वरात त्याची आहे. मी आपला... बँडवाला."

तिला हसायचं नव्हतं. तरी हसली.

झोर्नित्सा तिचं नाव, उद्यानाची नवी वनरक्षक. दुसऱ्या पहाटे नायदेन यंत्र वरच थांबवून पायी आला, आईनं केलेली चीज भरलेली, पापुद्र्यांची बनित्सा फडक्यात गुंडाळून. झोर्नित्सा बर्फातच पडल्या पडल्या वीतभर सरकली. पाचव्या दिवशी दोघांमध्ये सरकायला जागाच उरली नव्हती.

"किती आवाज करतोस खाताना!"

"बनित्सा कुरकुरीत नसली तर आई शेजारणीला तोंड दाखवत नाही."

"मग चघळ नुसती. आणि... थोडी इकडे दे."

पण गोडीत मिठाचा खडा पडायचा तो पडलाच. लिफ्टच्या कंपनीला नवा उतार हवा होता, आणि तोही ग्लुहार नाचतो त्याच पाइनच्या रानातून, सरळ रेषेत. साहेब होता कामेनोव. त्यानं नायदेनला फर्मावलं, "शुक्रवारपर्यंत दोनशे झाडांना लाल फीत बांध. सोमवारी तोड सुरू."

"उतार वाढला नाही तर इथे काम उरणार नाही. मग मीही जाईन, जर्मनीत भांडी घासायला," नायदेन झोर्नित्साला म्हणाला. "माझ्या वर्गातले सगळे तिकडेच आहेत."

"उतार नको म्हटलंय का मी? नाचाच्या अंगणातूनच कशाला?" ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "समुद्राकडच्या उद्यानात बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय. पहिलं झाड पडलं की देणार."

नायदेन काही बोलणार... तेवढ्यात डोक्यावरून करकोचा गेला. वर्षातला पहिला! एक मार्चपासून मनगटावर बांधलेली लाल-पांढऱ्या लोकरीची मार्तेनित्सा करकोचा दिसला की सोडायची, झाडाला बांधायची आणि मनातलं मागायचं. झोर्नित्सानं आपला लाल-पांढरा गोफ सोडला, शेजारच्या पाइनच्या फांदीला बांधला, डोळे क्षणभर मिटले आणि मागे न बघता निघून गेली. नायदेन त्या फांदीकडे बघत राहिला. बराच वेळ.

सोमवारी इल्चोकाका लाकूडतोड्यांची टोळी घेऊन रानात शिरला, आणि त्यानं करवत चालू करायच्या आधीच खाली ठेवली. टोपी काढली.

"काय झालं?" कामेनोव ओरडला. "खूण दिसत नाही? लाल आहे ना!"

"लाल आहे, साहेब. पण पांढरंही आहे."

दोनशेच्या दोनशे झाडांना मार्तेनित्सा!

"प्रत्येक झाडावर कुणाची तरी इच्छा बांधलेली आहे," इल्चोकाका म्हणाला. "माझी सून पोटुशी आहे. तिनं कुठल्या झाडाला बांधली असेल, मला काय ठाऊक? मी नाही बाबा करवत लावणार."

साहेबानं शेजारच्या खोऱ्यातून माणसं आणली. त्यांनी लांबूनच रान पाहिलं, छातीवर क्रॉसची खूण केली आणि ती आल्या वाटेनं परत गेली.

"नायदेन, हे काय आहे?"

"फीत संपली, साहेब. आईच्या टोपलीत न विकलेल्या मार्तेनित्सा पडल्या होत्या."

"म्हणजे चूक झाली?"

"लई मोठी."

साहेब कपाळाला हात लावून बसलेला, तेव्हा झोर्नित्सानं त्याच्यापुढे नकाशा पसरला. विजेच्या तारांखाली झाडं कधीच काढलेली होती, उघडाबोडका पट्टा. उतार तिथून वळवला तर एकही पाइन पडत नव्हता. कोंबडे नाचायच्या दिवसांत लिफ्ट सकाळी दहानंतर सुरू करायची, एवढीच अट. कामेनोव आठवडाभर कुरकुरला. मग सही केली. पुढच्या हिवाळ्यात त्या वळणावर आपटायला पाहुण्यांची रांग लागली, आणि वर्गातले दोघे जर्मनीहून परत आले.

सही झाली त्या संध्याकाळी झोर्नित्सानं नायदेनला रानाच्या कडेला गाठलं. तिच्या हातात बदलीचा अर्ज होता. तिनं तो फाडला, आणि तुकडे त्याच्याच खिशात कोंबले.

"एकशे नव्याण्णव गाठी तुझ्या," ती म्हणाली. "प्रत्येकीत काय मागितलंस रे?"

आणि मंडळी, नायदेन गुडघ्यावर बसला. तिचा हात हातात घेतला आणि अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "तुला! एकशे नव्याण्णव वेळा तुलाच!" की समोरच्या कड्यावरचा बर्फ धाडकन खाली आला, आणि तो बहिरा ग्लुहारसुद्धा नाच थांबवून वळून—

"खोटं! साफ खोटं, मेतोदीकाका!" मी मान वळवली, तर दारात जाकिटावरचा बर्फ झटकत झोर्नित्सा उभी होती. "गुडघ्यावर कसला बसतोय? तोंडातून शब्द फुटत नव्हता त्याच्या! लग्न करतोस का, हे मी विचारलं!"