जवळ येत गेलेलं घर

माझं काम म्हणजे पायाला भिंगरी. कंपनीचा प्रोग्राम शाखाशाखांत जाऊन बसवायचा, तिथलं नेटवर्क तपासायचं आणि काही बिघडलं की खापर आपल्याच डोक्यावर फोडून घ्यायचं. म्हणून कुठेही पोचलो की मी आधी घरच्या संगणकाला पिंग करतो. पिंग म्हणजे नुसती हाक. ‘आहेस का?’ विचारायचं, तिकडून ‘आहे’ येतं. घर जितकं लांब, तितकं उत्तर उशिरा. फरक क्षणाच्याही तुकड्याएवढा, पण मोजता येतो.

“माझ्याआधी त्या डबड्याची खुशाली विचारतोस,” बायको म्हणायची. तिला नववा लागला होता आणि घरात ती एकटी होती. एवढा दौरा संपला की बाळ होईपर्यंत हलणार नाही, असा शब्द देऊन मी निघालो होतो. जीव मात्र तिच्यातच अडकला होता.

दुसरी शाखा घरापासून आणखी लांब, तरी उत्तर पहिलीपेक्षा लवकर आलं. तिसरीत त्याहून लवकर. मी तार बदलली, लॅपटॉप बदलला. उत्तराला लागणाऱ्या वेळेचा आकडा हट्टाला पेटल्यासारखा उतरतच राहिला.

शेवटच्या शाखेत भर दुपारी तो इतका खाली आला, की घर याच इमारतीत असायला हवं होतं.

“नेटवर्क झकास आहे ना?” मॅनेजरने विचारलं.

“जरा जास्तच.”

मी लॅपटॉपची नेटवर्कची तार काढली, वायफाय बंद केलं. उत्तरं येत राहिली.

लॅपटॉप हातात धरून शाखेतल्या बोळातून चालू लागलो. पावलागणिक आकडा उतरत गेला. टोकाला एक रंग उडालेलं दार होतं.

“आत काय आहे?” मी मागोमाग आलेल्या मॅनेजरला विचारलं.

“काही नाही हो. दुरुस्तीत मागून भिंत घातली. दार काढायचं राहून गेलं.”

मी घरी फोन लावला.

“बरी आहेस ना?”

“पाय सुजलेत, बाकी ठणठणीत. कधी येतोस?”

“उद्या निघतो.” बोलता बोलता मी दारावर बोटं वाजवली. भिंतीवर वाजल्यासारखा भरीव आवाज आला.

“थांब हं,” ती म्हणाली. “दार वाजलं.”

“कुठलं?”

“आतल्या खोलीचं. तुझा संगणक आहे ना, तिथलं.”

मी हात मागे घेतला. मॅनेजर माझ्या मागे, दोन्ही हात खिशात घालून उभा होता.

फोनमध्ये दार पुन्हा वाजलं.

“अगदी तुझ्यासारखं वाजवतंय,” ती हसली. “गंमत करतोयस होय? आत कधी शिरलास?”

“अगं, मी इथे आहे. उघडू नकोस!”

“पुरे झालं नाटक. आले, आले.”

तिच्या चपला फरशीवर घासत गेल्या. कडी निघाली.

“आलास!” ती म्हणाली. किती दिवसांनी मी तिला इतकं आनंदाने बोलताना ऐकलं.

मी ओरडत होतो. पण आता माझ्याशी बोलायची तिला गरज उरली नव्हती, म्हणून तिने फोन ठेवून दिला.