किसनचं घराणं

२००९च्या उन्हाळ्यात आखातात, हमरियातली आमची कंपनी बुडाली. मालक पळाला, कॅम्पात आम्ही उरलो. मी सुदेश, तिथला स्टोअरकीपर, देवरुखचा. आमच्याकडे झाडागणिक एक भूत, म्हणून माझा एकावरही विश्वास नाही.

जूनमध्ये माझ्या खालच्या बेडवरचा म्हातारा किसन झोपेतच गेला. जतकडच्या बोरवाडीचा, एकटा जीव. गाव अग्नी द्यायला तयार होतं, पण रक्ताच्या माणसाची सही नाही तोवर बॉडी शवागारातच. किसन सारखा म्हणायचा, "मेलो तरी या वाळूत ठेवू नका रे." ते आठवलं की माझा जीव तुटायचा.

रूममधला गुणवंत हेळव्यांच्या घरातला. गावोगाव फिरून लोकांच्या वंशावळी तोंडपाठ म्हणायच्या, हा त्यांचा पिढीजात धंदा.

"बोरवाडी आमच्याच वाटणीची," तो म्हणाला. "कुणी भाऊबंद असंल तर सापडंल. पण दर नावाला हुंकार दे. हुंकार तुटला की मला पुढचं नाव येत न्हाई."

शुक्रवारी दुपारी बसलो. वीज कापलेली, एसी बंद. गुणवंतने डोळे मिटले आणि खापरपणज्यापासून सुरुवात केली. मी आपला "हं, हं" करत होतो. घसा सुकला म्हणून पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"हं," आवाज आला.

किसनच्या बेडवरून. तिथे नुसती गुंडाळलेली गादी होती.

गुणवंत थांबला नाही. "त्याचा किसन."

"हं."

"किसनचा मुलगा सुदेश."

"अरे मेल्या, सुदेश मी!" मी ओरडलो. "माझा बाप तिकडे सुपाऱ्या सोलतोय. किसनचं तर लग्नही नव्हतं!"

गुणवंत घामाने निथळत होता. "आलं ते म्हटलं. म्हटलेलं नाव आम्ही परत घेत न्हाई."

दोन दिवस मी त्या बेडकडे पाहिलं नाही. मग म्हटलं, खोटं तर खोटं, म्हातारा घरी तरी जाईल. शवागाराच्या ऑफिसात मुलगा म्हणून सही ठोकली. कारकून खैरुद्दीनने माझा पासपोर्ट उघडलासुद्धा नाही.

"बिलकुल बाप पे गए हो," तो म्हणाला.

बॉडी गेली. फार बरं वाटलं. माझ्या बेडवर बसून घरी फोन लावला.

"आई, मी सुदेश."

"कोण?"

"अगं, सुदेश!"

"आम्हाला मूलबाळ नाही हो." आवाज माझ्याच आईचा होता. मागे बाबा खोकत होते. "रडू नको रे बाबा. कुठला तू?"

देवरुख म्हणायला मी तोंड उघडलं.

"बोरवाडीचा," मी म्हणालो.

"हं," खालून आवाज आला.