कच्चं कणीस

"कच्चंच!" मनाइयानं तोंडातला मक्याचा दाणा थुंकून टाकला. "सकाळपासून झऱ्यात सोडलंय, तरी कच्चं!"

"म्हणजे कुईला आता नेणारच," काहू म्हणाला आणि झऱ्याच्या काठावर फतकल मारून बसला.

काहू आणि त्याची मोठी बहीण अनाहेरा पापांबरोबर ऑकलंडहून कॅम्परव्हॅननं आली होती. पण ही सुट्टी काही खरी सुट्टी नव्हती. कुईला, म्हणजे आजीला, कायमचं शहरात न्यायला ते तिघं आले होते. गावातली घरं या गरम पाण्याच्या झऱ्याच्या वाफेवर ऊबदार राहायची. विणलेल्या टोपलीत कणसं घालून दोरीनं पाण्यात सोडायची. चुलतबहीण मनाइयाची वेणी घालून होते न होते तोच कणसं शिजायची! पण उन्हाळ्यापासून झरा निवत चालला होता. आता हिवाळा तोंडावर आला होता, आणि कुईच्या छातीला थंडी मुळीच सोसत नव्हती.

"माझे पापा म्हणतात, पाऊस कमी झाला म्हणून," मनाइया म्हणाली.

"आणि आमचे म्हणतात, डोंगर म्हातारा झाला, त्याच्या पोटातली ऊब संपली!" अनाहेरा फणकारली. "कारणं सगळ्यांकडे आहेत. बघायला मात्र कुणी उठत नाही!"

मनाइयाचे वडील म्हणजे अंकल रेवी. झऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांनी कॅम्परव्हॅनसाठी तळ उभारला होता. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावर पाहुणे बेहद्द खूश असत. "गॅसवर तापवतो!" अंकल छाती फुगवून सांगत. काहूचे पापा तर आल्यापासून त्या कुंडातच मुक्काम ठोकून होते.

दुपारी पापांना टॉवेल द्यायला गेलेला काहू कुंडामागच्या गॅस सिलिंडरला टेकला, आणि सिलिंडरसकट धाडकन आडवा झाला!

"अनाहेरा! मनाइया! हा रिकामा आहे! तोटीवर तर कोळ्यानं जाळं विणलंय!"

"मग पाणी तापतं कशावर? पापांच्या घोरण्यावर?"

शेजारी एक ताडपत्री अंथरलेली होती. तिघांनी ती दूर केली. खाली जाडजूड पाइप सरळ जमिनीत शिरलेला. मनाइयानं हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. तिचा चेहरा पार उतरला.

"आमच्याच पापांनी झऱ्याची वाफ चोरली," ती म्हणाली. तिला रडू कोसळलं.

मग मनाइयानंच नाक पुसलं. "आपण सांगितलं, तर लहान तोंडी मोठा घास होईल. त्यांनाच कबूल करायला लावू."

संध्याकाळी अंकल आणि पापा कुंडात निवांत पडले होते. पाणी फार तापू नये म्हणून गार पाण्याची नळी चालू होती. मागच्या बाजूला मनाइयानं ताडपत्रीखालच्या पाइपची चावी घट्ट बंद केली. आता कुंडात फक्त गार पाणी येऊ लागलं!

"रेवी, अरे, कुडकुडायला होतंय!"

"थांब ब्रो, गॅस बघून येतो!"

टॉवेल गुंडाळून अंकल धावले. सिलिंडरकडे ढुंकूनही न बघता थेट ताडपत्रीपाशी गेले, वाकले, आणि जागच्या जागी थिजले. पलीकडे घडीच्या खुर्चीवर कुई बसली होती. तिच्या मागे तिघं.

"गॅस जमिनीत पुरून ठेवतोस होय रे?" कुईनं विचारलं.

अंकलची मान खाली गेली. "मनगटाएवढंच भोक पाडलं, आई. डोंगर एवढा मोठा... सगळे गाव सोडून चाललेत. वाटलं, चार पाहुणे आले, तर आपली पोरं इथंच राहतील."

"आणि आता मीच चालले," कुई म्हणाली.

पापा ओलेचिंब येऊन मागे उभे होते. कोणत्या पाण्यात आपण रोज डुंबत होतो, हे त्यांना आत्ता कळलं, आणि त्यांना फार लाज वाटली.

"या गावात डोळे उघडे असलेली तीनच माणसं!" कुई म्हणाली. "आणि तिघंही माझ्या खांद्याला लागत नाहीत!" तिनं त्यांच्या रिवाजाप्रमाणे एकेकाच्या नाकाला नाक टेकवलं. मनाइयापाशी ती जास्त वेळ थांबली.

दुसऱ्या दिवशी अंकलनी स्वतःच्या हातांनी भोकात सिमेंट ओतलं. सगळे झऱ्याभोवती जमले. अचानक पाण्यात एक बुडबुडा फुटला!

"आला! आला!" काहू नाचायला लागला.

अंधार पडेपर्यंत ते वाट बघत बसले. दुसरा आला नाही.

"खालच्या अंगाला एक झरा होता," कुई शांतपणे म्हणाली. "त्याचीही वाफ अशीच काढून नेली होती कुणी. माझ्या आईनं जन्मभर वाट बघितली. हा परत येईल किंवा नाही येणार, मोको, माझ्या नातवंडांनो. पण तुम्ही तो आणखी ओरबाडू दिला नाहीत."

सकाळी कॅम्परव्हॅन निघाली. कुई मागच्या खिडकीशी बसली. टोपली मात्र तिनं बरोबर घेतली नाही. ती मनाइयाच्या हातात दिली.

अजूनही दर शनिवारी मनाइया झऱ्यात एक कणीस सोडते. बराच वेळ थांबते, बाहेर काढते, चावून बघते आणि ऑकलंडला फोन लावते.

"कच्चंच आहे, कुई."

"मीठ लाव आणि खा," कुई म्हणते. "आणि दोरी गुंडाळून ठेवू नकोस."