महापोलादचा उजवा हात

संपादकांचा चेहरा जागच्या जागीच होता. फक्त चार बोटं आत गेला होता. दोन दात टेबलावरच्या चहाच्या कपात सापडले. तिसरा पंख्याच्या जाळीत अडकून टिक् टिक् वाजत होता. इन्स्पेक्टरबाईंनी आधी पंखा बंद केला.

"कोणी केलं?"

"मी केलं असावं," कोपऱ्यातून उत्तर आलं. "आठवत नाही. पण हात माझाच आहे."

कोपऱ्यात सात फुटी महापोलाद उभा होता. पोलादी धड, पोलादी हातपाय आणि डोक्याच्या काचेखाली एका माणसाचा मेंदू. माणूस बॉक्सिंगचा कोच होता. एका ट्रकने त्याचं बाकी सगळं निकामी केलं, मेंदू तेवढा वाचला. सरकारने त्याला नवं शरीर दिलं, त्याने शहराला गुंडांपासून वाचवलं आणि या कचेरीने त्याच्या पराक्रमांचं कॉमिक काढून स्वतःचं पोट भरलं. मुलं त्याला महापोलाद म्हणत. कचेरीत सगळे डबा म्हणत.

त्याच्या उजव्या हाताची चारही बोटं रक्ताने माखली होती. अंगठा मात्र नुकताच घासून ठेवल्यासारखा लख्ख होता.

"दुपारी काय केलंत?"

"जेवणाच्या सुट्टीत चार्जिंगला लागलो. तेव्हा मेंदूला झोपवतात. जाग आली तर हाताला रक्त होतं आणि साहेबांना चेहरा नव्हता."

"आणखी काही?"

"अंगठा वाकवला की कुरकुरतोय. सकाळी ठीक होता."

नियम सरळ होता. महापोलादच्या हातून निरपराध माणूस मेला, तर त्याच दिवशी शरीर बंद आणि मेंदू बरणीत. डॉक्टर बरणी घेऊन निघालेसुद्धा होते.

महापोलादची बायको दारापाशी बसली होती. डोळे रडून सुजलेले, पर्स छातीशी घट्ट धरलेली.

"बाई, एक विचारू? बरणी फ्रीजमध्ये ठेवायची, की बाहेर चालते?"

"वहिनी, अजून काहीच ठरलेलं नाही."

"नाही, फ्रीज लहान आहे म्हणून विचारलं," ती म्हणाली आणि पुन्हा रडू लागली.

बाईंनी महापोलादचं तेलपाणी करणाऱ्या मेकॅनिक मुलीला बोलावलं.

"हा हात निघतो?"

"मनगटाशी फिरवला की निघतो. मुसळासारखा जड आहे."

"कोणाकोणाला माहीत?"

"सगळ्यांनाच. चित्रकारदादा तर समोर ठेवून चित्र काढायला घेऊन जातात. सुटला की ढिला पडतो. मग बोटं आपण मुडपू तशी राहतात."

"आज मी नेला नव्हता," खिडकीपाशी उभा असलेला चित्रकार म्हणाला. किडकिडीत अंग, शाईने काळी झालेली नखं. "मी मुंगीसुद्धा मारत नाही. आणि साहेब मला सख्ख्या भावासारखे होते."

"सख्ख्या भावाने कालच नोकरीवरून काढलं ना तुम्हाला?" मेकॅनिक म्हणाली. "चित्रात हात जमत नाहीत म्हणून."

बाईंनी महापोलादचं मनगट फिरवून हात काढला. सांध्याच्या आतल्या आट्यांतही रक्त होतं. हात परत बसवून त्या भिंतीवरच्या मुखपृष्ठाकडे बघत राहिल्या. चित्रात महापोलाद एका गुंडाचा जबडा फोडत होता. गुंड झकास होता. मूठ कोबीच्या गड्ड्यासारखी होती. बोटं चार, अंगठा कुठे दिसतच नव्हता.

"सगळ्यांनी जरा मूठ वळा," त्या म्हणाल्या.

मेकॅनिकने वळली. अंगठा बोटांवर. महापोलादने वळली. अंगठा कुरकुरत बोटांवर आला. वहिनींनी अशी वळली की हवालदार एक पाऊल मागे सरकला.

चित्रकाराने अंगठा तळहातावर ठेवला आणि वरून चार बोटं मिटली.

"झालं," बाई म्हणाल्या. "रक्त सांध्याच्या आत गेलंय. हात जागेवर असता तर ते तिथे शिरलंच नसतं. म्हणजे मारताना हात सुटा होता आणि त्याची मूठ मारणाऱ्यानेच वळवली होती. बोटांना रक्त आहे, अंगठ्याला नाही. म्हणजे अंगठा आत होता. बॉक्सिंगचा कोच अशी मूठ मेला तरी वळणार नाही."

"मेलो, तरी वळली नाही," महापोलाद म्हणाला. "अंगठा आत ठेवून मारलं की आधी अंगठाच मोडतो. पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो."

"म्हणून तो कुरकुरतोय. अशी मूठ तोच वळतो, ज्याने जन्मात कोणावर हात उचललेला नाही. या खोलीत असा एकच माणूस आहे. आणि त्याने तीच मूठ चित्रात काढून भिंतीवर टांगली आहे."

चित्रकाराने मिटलेली मूठ उघडली.

"काल म्हणाले, तुझी मूठ बसली तर माशीही हसेल," तो म्हणाला. "आज जेवून तोंड वासून घोरत होते. म्हटलं, बघू तरी कोण हसतं."

एवढं बोलून त्याने टेबलावरचं कागद कापायचं पातं उचललं. हवालदाराचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत उघडला. पुढचा वार वाटेत बसलेल्या वहिनींच्या गळ्यावर यायचा, तेवढ्यात महापोलाद मध्ये आला. पातं त्याच्या छातीवर तुटलं. चित्रकाराने मग त्याच छातीवर जीव खाऊन गुद्दा हाणला. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो गुडघ्यांवर कोसळला आणि ओरडत राहिला. तशाच हाताला बेड्या पडल्या.

डॉक्टर आले तसे रिकाम्या बरणीसकट परत गेले.

"एक सांगा," बाईंनी महापोलादला विचारलं. "केलं नव्हतंत, तर लगेच कबूल कसे झालात?"

त्याच्या काचेखाली बारीक बुडबुडे आले. "परवा साहेब हिला तोंडावर विधवा म्हणाले. तेव्हापासून त्यांना मारायचं मनात होतं. रक्त बघितलं आणि वाटलं, झोपेत हातून झालं."

वहिनी पदराने त्याच्या बोटांवरचं रक्त पुसत होत्या. त्यांचा हात थांबला.

"जिवंत होतात," त्या म्हणाल्या, "तेव्हा माझ्यासाठी साधं झुरळ मारलं नाहीत."