गोडादऱ्यातली कडाक्याची थंडी

"साक्षीदार गोधड्यांवर चढून बसलाय," कुंदनने कळवलं.

"त्याला खाली उतरव," वृषाली म्हणाली.

साक्षीदार म्हणजे निंबा; टोळीच्या प्रत्येक तपासात हे काम त्याच्याकडेच असे. तो उतरला नाही. मालतीमावशींच्या खोलीत सव्वीस गोधड्यांची थप्पी पत्र्याला टेकली होती, आणि दहा वर्षांच्या माणसाला इतकी उंच बैठक रोज मिळत नाही. पत्रा मात्र तापलेला होता. दिवाळीची सुट्टी निम्मी सरली तरी सुरतेच्या गोडादऱ्यात लोक पंख्याखालीच झोपत होते.

मावशी स्वतः ओट्यावर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. आत त्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. साडीबाजारातून आणलेल्या चिंध्या जोडून त्यांनी दीड महिना गोधड्या शिवल्या होत्या. शिवताना बोटांची चाळण झाली होती. विकली होती एकही नाही.

"पण मावशी, एवढ्या शिवल्या कशाला?" कुंदनने विचारलं.

"फळ्यावर लिव्हेल व्हतं ना! यंदा कडाक्यानी थंडी. म्हनलं, गोधड्या विकू, नातले चांदीना वाळा लिसू, मंग जासू अमयनेरले. शुक्रवारले बारसं शे पोरीनं." त्यांनी पुठ्ठा थांबवला. "रिकामा हाते काय जाऊ? व्याहीन काय म्हनी?"

आज सोमवार होता. वृषाली उभी राहिली. ती आठवीत होती, आणि या तिघांच्या टोळीची प्रमुख होती. प्रमुख कोणी केलं, हे विचारायची पद्धत नव्हती.

"ज्याने ही खोटी बातमी दिली, त्याला आपण शोधणार," ती म्हणाली. "त्याने सगळ्या गल्लीसमोर मावशींचे पाय धरायचे आणि त्या सांगतील ते काम करायचं."

"आपल्यातलंच कोणी निघालं तर?" वरून निंबाने विचारलं.

"तरीही." असं बोलायला तिला फार आवडत असे.

फळा होता गल्लीच्या तोंडाशी, मराठी वाचनालयाच्या दारात. वाचनालय म्हणजे एक बाक, तीन वर्तमानपत्रं आणि बाजीरावकाका. काकांनी बावीस वर्षं माग चालवले होते. आता ते वाचनालय चालवत, म्हणजे बहुतेक वेळ बाकावर झोपत.

"काका, यंदा कडाक्याची थंडी पडणार, हे फळ्यावर कोणी लिहिलं?"

"मी," काका डोळे न उघडता म्हणाले.

कुंदनचा चेहरा पडला. तपास सुट्टी संपेपर्यंत पुरेल असा त्याचा हिशेब होता.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"चिठ्ठीने. रेडिओवरच्या बातम्या तुम्ही पोरं चिठ्ठीवर आणून टाकता, मी सुवाच्य अक्षरात उतरवतो. बातमीत मी डोकं घालत नाही. बातमी बिघडते." त्यांनी एक डोळा उघडला. "चिठ्ठ्या त्या तारेत ओवून ठेवल्यात. बघा आणि मला झोपू द्या."

वृषालीने तार स्वतःकडे घेतली आणि दोघांना गुजराती वर्तमानपत्रांचा गठ्ठा दिला. वाचनालय रोज एक गुजराती पेपर घेत असे. तो कोणी वाचत नसे, पण काकांचे मुरमुरे त्यावर फार छान पसरत.

"हे ऐका," कुंदन एका चुरगळलेल्या पानावरून मराठी करत वाचू लागला. "दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर यंदा थंडी बेताचीच. समुद्राकडची हवा पारा फार उतरू देणार नाही. हे पान दीड महिन्यापूर्वीचं आहे! मग चिठ्ठीवाल्याने ऐकलं तरी कुठलं?"

त्याच क्षणी ती चिठ्ठी वृषालीच्या हाती लागली.

'यंदा कडाक्याची थंडी. पारा सात अंशांवर उतरणार.' थंडीतल्या 'थ'ला फुलासारखी गाठ होती. सबंध शाळेत असा 'थ' एकच मुलगी काढत असे. हस्ताक्षराचं बक्षीसही तिलाच मिळालं होतं.

वृषालीला घरचा रेडिओ आठवला. वडिलांनी त्याचा काटा जळगाववर आणून गुंडी दोऱ्याने बांधून टाकली होती, कोणी फिरवू नये म्हणून. सुरतेत येऊन अकरा वर्षं झाली, तरी घरात भाव जळगावचे, बातम्या जळगावच्या. तिकडे पावसाचा अंदाज सांगितला की आई इथले कपडे दोरीवरून काढत असे. यात काही चमत्कारिक आहे असं अकरा वर्षांत कोणाला वाटलं नव्हतं. वृषालीलाही नाही. थंडी तिकडची होती. तिने ती इकडे लिहिली, आणि विसरूनही गेली.

तिने मूठ मिटली.

"सापडली?"

"नाही." तिचे कान तापले.

"म्हणजे काकांनी मनानेच लिहिलं," कुंदनने निकाल दिला.

वृषाली 'हो' म्हणाली नाही. पण 'नाही'ही म्हणाली नाही, आणि ते तिला पुढे कित्येक दिवस जेवताना आठवत राहिलं.

संध्याकाळी कुंदनने गल्ली गोळा केली. भाषण चांगलं झालं. "आणि चिठ्ठी नाहीच!" हे वाक्य त्याने दोनदा घेतलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "असेल बाबा. चिठ्ठी नाही म्हणता, तर मीच लिहिलं असेल. माझ्या लक्षात राहत नाही हल्ली." ते मावशींकडे वळले. "मालतीबाई, तुमचं नुकसान केलं मी. उद्यापासून फळा दुसऱ्या कोणी लिहावा." आणि टोपी काढून ते खाली वाकू लागले. गुडघे कटकन वाजले.

"काका, थांबा."

वृषालीने मूठ उघडली. चिठ्ठी घामाने ओली झाली होती. शाई पसरली होती, पण 'थ' शाबूत होता.

"मी लिहिलं. जळगावचं ऐकून. आणि चिठ्ठी दुपारीच सापडली होती."

कुंदनने चिठ्ठी घेऊन उलटसुलट केली. "अक्षर चांगलं आहे," तो म्हणाला. ते त्याने तिच्या बाजूने म्हटलं की विरुद्ध, हे कळायला मार्ग नव्हता.

तिने मावशींचे पाय धरले. मावशी रागावल्या नाहीत. नुसत्या दाराकडे, आतल्या थप्पीकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

वृषाली पायांशीच बसून राहिली. मान खाली घालून विचार करायला वेळ भरपूर मिळतो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मावशी, अमळनेरला आत्ता पंखे चालू असतील?"

"पंखा?" काकाच बोलले. "लोक शेकोटीपुढून हलत नसतील."

"मग बातमी खोटी नाही. जिथली होती तिथे, जळगाव-अमळनेरकडे, खरी आहे. गोधड्या तिकडेच नेल्या तर?"

मावशींनी हळूहळू मान वळवली. "आनी सव्वीस गोधड्या उचली कोन?"

सगळी गल्ली वृषालीकडे बघू लागली. ते काम ठरवायला कोणाला काही सांगावं लागलं नाही.

मंगळवारी सकाळी उधना स्टेशनातून भुसावळ पॅसेंजर निघाली, तेव्हा एका डब्यात मावशी, काका, तीन पोरं आणि पाच गाठोडी होती. गाठोडी वृषालीने चढवली. निंबा मदतीला धावला तेव्हा तिने त्याला हटकलं.

बुधवारी अमळनेरच्या बाजारात बोलताना तोंडातून वाफ निघत होती. वृषाली अर्ध्या बाह्यांच्या फ्रॉकमध्ये कुडकुडत ओरडत होती, "गोधड्या घ्या, सुरतेच्या गोधड्या!" थंडीचा अंदाज देणारी ती, आणि स्वेटर आणायला विसरलेलीही तीच. तिला कापताना बघूनच दोन बायकांनी एकेक गोधडी घेतली. गुरुवारी दुपारपर्यंत गाठोडी रिकामी झाली आणि मावशी सोनाराच्या दुकानात शिरल्या.

शुक्रवारी बारशाला नातीच्या पायांत वाळे होते. मावशींच्या विहीणबाई वृषालीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "काय हुशार पोर! सुरतेहून इथवर गोधड्या आणायची युक्ती हिची म्हणे."

"हिचीच," काकांनी मोठ्याने दुजोरा दिला. "आमच्या गल्लीचं भूषण आहे."

साऱ्या बायका कौतुकाने वळल्या. वृषाली पाळण्याच्या दोरीकडे बघत होती. गप्प राहणं सोपं होतं. मागच्या वेळीही सोपंच वाटलं होतं.

"काकू, मुळात चूक माझीच होती," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगू लागली. रेडिओ, दोरा, चिठ्ठी. मुठीपाशी आल्यावर आवाज खाली गेला, तरी तिने तेही सांगितलं. कुंदन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

विहीणबाई गोंधळल्या. "अगं, पण आता सगळं नीट झालं ना? कशाला सांगतेस?"

"सांगू द्या तिले," मावशी नातीला थोपटत म्हणाल्या.

वृषाली सांगत राहिली. बायका शाली आवळून ऐकत होत्या. त्या भर थंडीत घाम फुटलेली ती एकटीच होती.