चारठाण्याचा रंधा

बोरीचा आश्रुबा सुतार रंधा घ्यायचा तो पारखून. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याच्या जुन्या रंध्याचं बूड वाकलं. लेक गीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिच्यासाठी पाळणा करायचा होता. चारठाण्याचा चंद्रभान सुतार वारल्याचं त्याला कळलं होतं. त्याची हत्यारं बघायला तो चंद्रभानच्या बायकोकडं, चतुराबाईकडं गेला.

म्हातारीनं पोत्यावर काही रंधे मांडले. आश्रुबानं एकेक उलटा करून बुडावर पट्टी टेकवली आणि उन्हाकडं धरला. सगळ्यांच्या पट्टीखालून उजेड दिसला, फक्त एका शिसवी रंध्याच्या दिसला नाही. त्याच्या पात्यावर टिचकी मारली, तर नाद बराच वेळ हवेत राहिला.

"ह्यो लय दिवस वापरात न्हाई वाटतं."

"त्यांनी पुन्हा हातात धरलाच न्हाई," चतुराबाई म्हणाली. "न्या तुमी."

घरी सागाच्या फळीवर रंधा पाण्यासारखा सरकला. कांद्याच्या पापुद्र्यागत पातळ साल सुटत गेली. पण फळीच्या मधोमध रंधा किंचित वर उचलला गेला. आश्रुबानं पट्टी लावली. फळी सपाट होती. पातं आत घेतलं, फळी उलटी केली, शेवटी दुसरीच फळी घेतली. मधोमध रंधा पुन्हा उचलला.

त्यानं तिथं तळहात ठेवला.

लाकूड कोमट होतं. हळूच वर आलं, खाली गेलं. पुन्हा वर आलं.

"आबा, थांबा जरा," दारातून गीता म्हणाली. तिचे दोन्ही हात पोटावर होते. "तुमी रंधा मारायलाव की आत एकदम गप होतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं आश्रुबा चारठाण्याला गेला. रंधा त्यानं चतुराबाईपुढं ठेवला. रंधा चालला की गीताच्या पोटातलं बाळ गप होतं, ते सांगितलं.

तिनं रंध्याला हात लावला नाही.

"चालू हाय?"

"काय?"

"श्वास."

"हाय," आश्रुबा म्हणाला.

म्हातारीनं डोळे मिटले. "आमचं लेकरू गेलं, त्या दिशी ह्याच्या खालचा श्वास थांबला व्हता."

मग ती उठली. अंगणातल्या दोरीवर त्या लेकराची लहानशी कुंची वाळत होती, सकाळीच धुतलेली, अजून ओलसर. ती तिनं काढून घडी घातली.

"चला, तुमच्या लेकीकडं," ती म्हणाली.